परबबाई आणि केवडीचं वल्हं

परवा वाचकांच्या त्या ग्रुपवर पुन्हा एकानं लिहिलं, 'खारदेशाची वाट लावली ती त्या परब नावाच्या बाईनं. तपासायला बसवली होती, झोपा काढत होती.' खाली हसऱ्या तोंडांची रांग. मी अंधेरीच्या ऑफिसात जिन्यावर उभी राहून ते वाचलं. मला राग आला की आधी भीतीच वाटते, लहानपणापासून असंच आहे. पण या वेळी भीती निघून गेली आणि राग तसाच राहिला, म्हणून लिहायला बसले. नववीतून शाळा सुटलेली बाई लिहिणार, ते कसं असेल ते असो.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खारदेश नावाचा देश कुठंही नाही. तो अण्णा बिवलकरांनी मनानं रचला. बेटं, खाड्या, मिठागरं, मंत्रानं बांधलेले वारे आणि त्या वाऱ्यांतून होड्या हाकणारी माणसं. अण्णांची ती कादंबरीमाला लोकांनी डोक्यावर घेतली. मग त्याच देशात, पण डोंगराच्या बाजूला आणि एक पिढी पुढं, निनाद नावाच्या तरुण लेखकानं दुसरी माला सुरू केली. देश एक, प्रकाशक एक, लेखक दोन. एकाच्या पुस्तकात आटलेली नदी दुसऱ्याच्या पुस्तकात वाहत नाही ना, हे बघायला बाई एकच. परबबाई.

घाटकोपरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा होता. खाली स्टीलच्या डब्यांचा कारखाना, वर आम्ही. दिवसभर खालून ठाण ठाण आवाज यायचा आणि वर बाई त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलायच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, सुती साडी, अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल. जोगेश्वरीहून यायच्या, सोबत सुकटीच्या चटणीचा डबा. तो उघडला की आमचे मालक धनेशसाहेब केबिनचं दार लावून घ्यायचे. बाई मुद्दाम दाराजवळ बसून जेवायच्या.

मी किनवटकडच्या खेड्यातून मावशीच्या भरवशावर आले होते. लग्नपत्रिकांच्या दुकानात कॉम्प्युटरवर मजकूर लावायला शिकले होते, तेवढीच माझी विद्या. पहिल्या दिवशी बाईंनी मला वर-खाली बघितलं.

"नाव काय?"

"वाठोरे."

"ते आडनाव झालं."

"संगीता."

"वाठोरेच बरं. संगीता माझ्या नणंदेचं नाव आहे."

तेव्हापासून मी वाठोरे. थोड्या दिवसांनी धनेशसाहेबांनी माझे दहावीचे कागद मागितले. कागद असणार कुठून? गावाकडे परत जायचं म्हणजे काय, हे मला एकटीलाच माहीत होतं. बाई आपल्या टेबलावरून मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, हिला काढायची तर काढा. मग दोन्ही मालांची पुढची पुस्तकं वाचून तपासायचं काम तुम्ही करा. मी हिच्याबरोबर निघाले." धनेशसाहेबांनी आपण छापलेलं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं, हे अख्ख्या गाळ्याला ठाऊक होतं. कागदांचा विषय पुन्हा निघाला नाही. बाईंचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "रडू नको गं. पान ओलं होईल."

बाईंची कामाची तऱ्हा निराळी होती. खिडकीच्या गजापासून विजेच्या बोर्डाजवळच्या खिळ्यापर्यंत त्यांनी नायलॉनची दोरी बांधली होती, कपडे वाळत घालतात तशी. तिच्यावर चिमटे. प्रत्येक चिमटा म्हणजे कादंबरीतलं एक माणूस, लाल अक्षरात नाव लिहिलेलं. बेटांवरच्यांना लाकडी चिमटे, डोंगरातल्यांना प्लास्टिकचे. माणूस बेटावरून डोंगरात गेला की चिमटा सरकायचा. माणूस मेला की बाई चिमटा काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि झाकण दाबून लावायच्या. निनाद आला की हसायचा, "बाई, आज कुणाला वाळत घातलंय?"

"तुलाच घालीन. नदी कुठून आणलीस?"

"कुठली नदी?"

"चौदाव्या प्रकरणात तुझी पोरं होडीतून नदी ओलांडतायत. ती नदी अण्णांनी दुसऱ्या पुस्तकात आटवली. मांत्रिकाच्या शापानं. अख्खं गाव उठून गेलं त्यापायी."

"बाई, थोडं चालतं ना यार. कल्पनाच आहे शेवटी."

बाईंचा आवाज चढला की त्या मालवणीत शिरायच्या. "शिरा पडो तुझ्या तोंडार. कल्पना आहे म्हणूनच चालत नाही. खऱ्या नदीला सरकारी नकाशा असतो, पूर येतो, काठावर माणसं राहतात. ती कुणी विसरू शकत नाही. या नदीला माझ्याशिवाय आहे कोण?"

निनादनं मुकाट्यानं होडी काढली आणि पोरांना वाळूतून चालवलं. नंतर तो स्वतःच सांगायचा, की ते आटलेल्या पात्रातून चालणं हे त्याच्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण झालं. सगळ्यांना सांगायचा. बाईंना सोडून.

आधी बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. तिथंही भांडणच झालं होतं, कशावरून ते त्यांनी कधी सांगितलं नाही. राग हा त्यांचा बारमाही धंदा. टीव्हीवरच्या मालिकेत एखादीचं मंगळसूत्र एका दारातून दुसऱ्या दारात जाईपर्यंत बदललं, तरी दुसऱ्या दिवशी आम्हाला त्याचा हिशेब ऐकावा लागायचा. आणि त्यांचा एक शब्द ठरलेला होता. त्या चूक म्हणत नसत. म्हणायच्या, "हे खोटं आहे."

आता केवडीबद्दल. केवडी तांडेलीण ही अण्णांच्या मालेतली होडी हाकणारी बाई. डावखुरी, फटकळ, कुणाच्या बापाला न भिणारी. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी वादळात ती एका अख्ख्या वस्तीला पलीकडं पोचवते आणि परत येताना धारेत जाते. खारदेशात रीत अशी, की होडी हाकणारा मेला की त्याच्या आईनं त्याचं वल्हं घाटावर उभं रोवायचं, आणि त्या घाटावरून परत कुणी होडी सोडायची नाही. केवडीची आई वल्हं रोवते, तिथं पुस्तक संपतं. निनादची सगळी माला त्या वल्ह्यापासून सुरू होते. त्याची पोरं त्या वल्ह्यावर हात ठेवून शपथा घेतात.

मी आधी नुसती अक्षरं लावायचे, वाचायचे नाही. तिसऱ्या पुस्तकाची नवी आवृत्ती लावताना पहिल्यांदा वाचलं. आई वल्हं रोवते तिथं आले आणि मला माझी माय आठवली. मी उठून मोरीत गेले, नळ सोडला. बाहेर आले तर बाई दारात.

"केवडी?"

मी मान हलवली.

"बरं झालं रडलीस," बाई म्हणाल्या. "आता एक लक्षात ठेव. हे जे रडलीस ना, ते उद्या कुणी खोटं पाडलं, ती मेलीच नव्हती म्हणून सांगितलं, तर त्याला सोडायचं नाही. मी तेवढ्यासाठी इथं बसलेय. नद्या नि डोंगर नंतर."

मग अण्णांची नवी कादंबरी आली, मालेतली शेवटची. अण्णा हातानं लिहायचे, फार सुंदर अक्षर. बाई पहिली पानं वाचायला बसल्या आणि त्या दिवशी गाळ्यात फक्त खालच्या डब्यांचा आवाज राहिला. संध्याकाळी त्यांनी मला पानं दिली. त्यात केवडी होती. आठवण नाही, भूत नाही. घाटावरच्या घरात बसून पाहुण्यांना पेज वाढत होती.

बाई मला बरोबर घेऊन मुलुंडला गेल्या. अण्णा गॅलरीत आरामखुर्चीत, मांडीवर पाट, पाटावर कागद. अण्णांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्यांनी सरबत आणलं आणि तिथंच दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"अण्णा," बाईंचा आवाज मी इतका खाली कधी ऐकला नव्हता, "या प्रकरणात केवडी पेज वाढते."

"वाढते. तिच्या हातची पेज घट्ट असते."

"केवडी तिसऱ्या पुस्तकात गेली."

"कुठं गेली?"

"धारेत. तुम्हीच लिहिलंत."

अण्णांनी आधी बाईंकडं पाहिलं, मग वहिनींकडं. "मला कुणी सांगितलं कसं नाही?" म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

पुढच्या वेळी गेलो तर अण्णा पुन्हा विचारायला लागले, केवडीचं पान कसं झालंय. बाईंनी पुन्हा सांगितलं, अण्णा पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदाच कळल्यासारखे. वहिनी बाईंना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी मागोमाग, पिशवी धरून.

"परबबाई, दर खेपेला ती नव्यानं मरते हो. नका सांगू."

"पण हे छापायचं आहे वहिनी."

"ते तुम्ही बघा. एक करा, बाहेर कळू देऊ नका. हे विसरायला लागले तेव्हा सुरुवातीला यांना स्वतःचं कळत होतं, तेव्हा मला म्हणाले, लोक म्हणतील आधीची पुस्तकंही याच डोक्यानं लिहिली. तेवढी एकच भीती होती त्यांना. मी शब्द दिलाय."

"मग माझाही धरा," बाई म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर त्या रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडल्या, सिग्नलला उभ्या असलेल्या एकाशी हॉर्नवरून भांडल्या. पवईच्या तलावापाशी भांडण संपलं. मग म्हणाल्या, "वाठोरे, पुस्तक दोनदा लावायचं. एक छापायचं, एक अण्णांचं."

छापायच्या पुस्तकात केवडीचं सगळं काम तिच्या धाकट्या बहिणीला, सगुणाला द्यायचं ठरलं. सगुणा आधीच्या पुस्तकांत होतीच. मला वाटलं, नाव बदललं की झालं. बाई बोटं मोजायला लागल्या. सगुणा उजवी, सगुणाला पोहता येत नाही, सगुणा लोकांना घाबरते, तिची पेज पातळ. एकेक वाक्य सोलून पुन्हा बसवायचं. अण्णांच्या भाषेत, अण्णांना न विचारता. बाईंनी ते केलं आणि कुठं सांधा दिसू दिला नाही. दुसरं पुस्तक मात्र अण्णांनी लिहिलं तसंच, एक शब्द न हलवता. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा समोर खोटं दिसत होतं आणि पेन्सिल अंबाड्यातून काढायची नव्हती. त्या काळात त्यांनी सुकटीचा डबासुद्धा आणला नाही. त्या पुस्तकाची एकच प्रत काढली, खालच्या गल्लीतल्या बाइंडरकडून कापडी बांधणी करून घेतली आणि अण्णांच्या हातात दिली.

इथंच संपायला हवं होतं.

सगुणाचं पुस्तक अजून छापायला गेलं नव्हतं तेव्हा अण्णांच्या वाढदिवसाला धनेशसाहेब शाल-श्रीफळ घेऊन मुलुंडला गेले. अण्णांच्या मांडीवर ती प्रत. वहिनी आत, साहेबांनी चाळली. ज्यांनी कधी पुस्तक वाचलं नाही त्यांनी नेमकं तेच चाळलं. दुसऱ्या दिवशी गाळ्यात आले ते नाचतच.

"परबबाई, केवडी जिवंत? एवढा मोठा धक्का तुम्ही दाबून ठेवला?"

"ती प्रत छापायची नाही."

"का नाही? अण्णांनीच लिहिलंय ना?"

बाई पेन्सिलीला टोक करायला लागल्या.

"सांगा ना. त्यांचंच अक्षर, त्यांचेच शब्द. आणि तुम्ही त्यांना न विचारता सगुणा घातली? लेखक कोण, तुम्ही की अण्णा?"

मी माझ्या टेबलापाशी बसून ऐकत होते. बाईंच्या तोंडात उत्तर होतं. एका वाक्यात साहेबांचं तोंड बंद झालं असतं. पण ते वाक्य वहिनींकडं गहाण होतं, आणि साहेबांना कळलं असतं तर त्यांनी तेही जाहिरातीत घातलं असतं.

"निनादच्या मालेचं काय?" एवढंच त्या म्हणाल्या. "ते वल्हं?"

"कोण दोन्ही माला वाचतंय बाई? आणि वाचलं तर पुढच्या भागात दाखवू, ती मेलीच नव्हती, वाहत गेली, दुसऱ्या बेटावर सापडली. हाय काय नाय काय."

"आणि तिच्या आईनं जे सोसलं ते?"

"ती पण काल्पनिकच आहे ना."

मला वाटलं, आता बाई टेबल उलथवणार. त्या बसून राहिल्या. साहेब म्हणाले, पटत नसेल तर पुस्तकावरून तुमचं नाव काढतो. त्यावर बाई उठल्या. "नाव काढायचं नाही. 'तपासणी: सुहासिनी परब.' दरवेळी शेवटी बारीक असतं, या वेळी पहिल्या पानावर मोठं पाहिजे. नाहीतर मी कोर्टात जाईन." कुठल्या कोर्टात, कशासाठी, ते साहेबांना कळलं नाही, मलाही नाही. साहेब खांदे उडवून केबिनमध्ये गेले. बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"वाठोरे, मोठं कर."

मी केलं.

"अजून मोठं. वाचणाऱ्यानं शिवी द्यायच्या आधी कुणाला द्यायची ते दिसलं पाहिजे."

तेव्हा मला समजलं, आणि मी अक्षर आणखी मोठं केलं.

पुस्तक आलं. वेष्टनावर 'केवडी परतली'. दोन्ही माला वाचणारे लोक होते, भरपूर होते, आणि ते चवताळले. त्यांचा राग खरा होता, हे मी मान्य करते. तो बाईंनीच त्यांना शिकवला होता. इतकी वर्षं एकही नदी जागची हलू दिली नव्हती, म्हणून तर त्यांना केवडी जिवंत दिसल्यावर फसवल्यासारखं झालं. पण राग येणं निराळं आणि दात काढणं निराळं.

अंधेरीला एका हॉलमध्ये वाचकांची भेट ठेवली होती. धनेशसाहेब आजारी पडले, ते पडणारच होते. बाई एकट्या स्टेजवर. मी पुस्तकांच्या खोक्यांपाशी, दाराजवळ. निनाद पहिल्याच रांगेतून उठला.

"बाई, माझ्या पोरांनी तीन पुस्तकं त्या वल्ह्यावर शपथा घेतल्या. आता त्या वल्ह्याखाली काय आहे? माती?"

"माहीत आहे. मीच तपासली ती पुस्तकं."

"नदीवरून मला सोलून काढलंत. आणि इथं अख्खं मेलेलं माणूस उठून पेज वाढतंय ते दिसलं नाही?"

"राहिलं माझ्याकडून."

मागून एकजण ओरडला, "चिमटा हरवला वाटतं काकूंचा." हॉल हसला. ती चिमट्यांची गोष्ट निनादनंच पसरवली होती, कौतुकानं. तो हसला नाही, पण थांबवलंही नाही त्यानं कुणाला.

मग एक मुलगी उभी राहिली. बिचारी सरळ मनानं म्हणाली, "पण अण्णांना कोणी विचारलं का? त्यांनी असं का लिहिलं?"

मी खोक्यावरून उठले, तर बाईंनी तिथूनच माझ्यावर डोळे वटारले. बस खाली, असे. मी बसले.

"अण्णांना काय विचारायचं त्यात?" बाई म्हणाल्या. "लेखक पुढं बघून लिहितो. मागं बघायला मला ठेवलं होतं. चूक माझी आहे."

चूक. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे चिडवायच्या टाळ्या. पहिल्या पानावरचं ते मोठं नाव एकानं फोटो काढून मोबाइलवर फिरवलं, तेच अजून फिरतंय.

बाईंनी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. जाताना फक्त बिस्किटांचा डबा नेला. दोरीवरचे चिमटे काही दिवस तसेच राहिले, मग धनेशसाहेबांच्या प्यूननं त्यांवर फडकी वाळत घातली. मी महिनाअखेरीला निघाले. मला भीती वाटली नाही असं नाही. भाडं, मावशी, गावाकडं पाठवायचे पैसे, सगळं डोळ्यांपुढं आलं. पण अंधेरीच्या या नोकरीसाठी बाईंनी आधीच कुणाला तरी फोन करून ठेवला होता. मला कळलं ते नंतर.

आता बाई नाहीत. अण्णाही यंदा गेले. गेल्या आठवड्यात वहिनींना भेटले, ग्रुपवरचं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, "माझा शब्द आता संपला. तू लिही." म्हणून हे. निनाद, तू वाचत असशील तर तुझ्या वल्ह्याखाली काय होतं ते आता तुला कळलं. बाकीच्यांना, ज्यांनी हसरी तोंडं टाकली त्यांना, मला काही म्हणायचं नाही. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मालवणीत.

त्यांना शेवटचं बघितलं ते मुलुंडलाच. नोकरी सोडल्यावरही त्या दर आठवड्याला अण्णांना वाचून दाखवायला जायच्या. मी नव्या पगाराची मिठाई घेऊन गेले होते. गॅलरीत दोरीवर अण्णांचा पंचा वाळत होता आणि त्याला एक लाकडी चिमटा, लाल अक्षरात 'केवडी'. खाली बाई स्टुलावर बसून त्या एकुलत्या कापडी प्रतीतून वाचत होत्या, डब्यांचा कारखाना अजून खालीच असल्यासारख्या मोठ्यानं. अण्णांनी डोळे मिटले होते. वाचता वाचता बाई थांबल्या. हात अंबाड्याकडं गेला.

"अण्णा, इथं केवडीनं वल्हं उजव्या हातात घेतलंय."

अण्णांनी डोळे उघडले. "ती डावखुरी आहे."

"तेच म्हणते मी."

"मग असं छापलं कुणी?"

"या वाठोरेनं," बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

"लक्ष देत जा गं," अण्णा मला म्हणाले.

"हो अण्णा," मी म्हटलं.

बाईंनी 'उजव्या'वर रेघ मारली, वर लाल अक्षरात 'डाव्या' लिहिलं, पेन्सिल परत अंबाड्यात खोचली आणि केवडीला पुढं हाकलं.